थोरल्याचा कोट

तीन टोप्या सांगितल्या होत्या, कारापूरहून चार आल्या.

आतल्या खोलीत चौरंगावर पुडा सोडलेला होता. काळ्या मखमलीच्या तीन साध्या टोप्या, चौथीला खालून बोटभर जरीची किनार, आणि सगळ्यांच्या खाली नीट घडी घातलेला काळ्या सर्जचा लांब कोट, गुडघ्याच्याही खाली जाणारा. मे महिन्याचे दिवस. अख्खं पार्से उघड्या अंगानं ओसरीवर बसून वारा शोधत होतं आणि इथे हा लोकरीचा कोट. पण मानाच्या वस्तूला उकाड्याची सबब चालत नाही. ह्या दोन घरांची रीतच तशी जुनी: सीमांतपूजनाला मुलाकडच्या कर्त्या, लग्न झालेल्या पुरुषांना मुलीकडून टोपी येते आणि त्यांतल्या थोरल्याला जरीच्या टोपीबरोबर कोट. कोट ज्याच्या अंगावर, त्याचे पाय पहिले धुतात. मग बाकीचे, ओळीने. लग्न पुढच्या रविवारी होतं.

बाहेर सोप्यावर नवरीचा भाऊ विशाल कोकमाचं सरबत घेऊन बसला होता. पुडा कारापूरहून तोच घेऊन आला होता. जाताना त्याला ह्या घरच्या पुरुषांची नावं ओळीने लिहून न्यायची होती, भटजी ती मांडवात पुकारणार होते. साडेचारची बस चुकली तर डिचोलीला पोचेपर्यंत काळोख पडला असता, असं त्याने येतानाच दोनदा सांगून ठेवलं होतं.

सुलोचना पुड्यापाशी उभी होती आणि तिला घाम फुटला होता. उकाड्याचा नव्हे. चौथी टोपी कुठून आली ते घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

पुरुषांचं मात्र अजून भलतंच चाललं होतं. तिच्या नवऱ्याचा, मधुकरचा, धाकटा भाऊ गोकुळदास शुक्रवारीच पणजीहून आला होता. येताना स्वतःला एक आणि नवऱ्यामुलाला एक असे दोन सूट शिवून आणलेले. सचिवालयात वीस वर्षं काढलेला माणूस, त्याला सगळं नेटकं लागायचं.

"दादा, सुटावर ही टोपी घालून उभे राहिलो तर आपण बँडवाले दिसू," तो म्हणाला. "आता कोण घालतो? एक तर उघडं डोकं ठेवावं, नाहीतर बाबांचं चेपें आहे की पेटीत. सुटावर हॅट तरी शोभते."

"मग सूट घालू नकोस," मधुकर म्हणाला. "धोतर नेस. धोतरावर टोपी शोभते."

"पणजीच्या लोकांसमोर मी धोतर नेसू?"

"पणजीचे लोक आपल्या दारी येणार आहेत, गोकुळ. आपण त्यांच्या कचेरीत जात नाही आहोत."

मधुकर ह्या घरचा थोरला, साठीचा, शाळेचा हेडमास्तर म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. तो घरातही छापील मराठी बोलायचा. आधी वर्गापुरतं बोलायचा, पण फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला आणि राजभाषा कोंकणी ठरली त्या दिवसापासून त्याने मीठसुद्धा शुद्ध मराठीत मागायला सुरुवात केली. सुलोचना त्याला मीठ द्यायची आणि आपलं पेडण्याचं बोलणं चालू ठेवायची. गोकुळदासला दोन्ही भाषा येत, जिथे जी लागेल तिथे ती. आता महिनाअखेरीला गोव्याचं राज्य होणार होतं आणि त्याला खातं बदलून मिळायची आशा होती.

चेपें म्हणजे वडिलांची ती साहेबी फेल्ट हॅट. शिवदास पोर्तुगीज अंमलात पेडण्याच्या साहेबाकडे जाताना ती घालायचे आणि देवळात जाताना काळी टोपी. कुठे काय घालून जायचं हे त्यांना पक्कं कळत होतं. घरंही त्यांची दोन होती. एक हे. दुसरं देवळामागच्या आंब्याखाली, भाग्यलक्ष्मीचं. भाग्यलक्ष्मी देवळात गाणारी बाई होती. तिच्या मुलाचा, ह्याच घरची शेतीभाती बघणाऱ्या सगुणाचा, बाप कोण हे पार्शात शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं आणि ते मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं.

"बरं, टोप्यांचं राहू दे," गोकुळदास म्हणाला. "तू, मी आणि मोरजीचा आपला चुलतभाऊ नारायण. तीन झाले. ही चौथी कुणाची?"

मधुकरने जरीची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि ती थेट कानांपर्यंत खाली आली. मग त्याने कोट अंगात घातला. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. नवरामुलगा श्रीनाथ दाराच्या चौकटीला टेकून बघत होता, त्याला हसू आलं आणि बापाचं तोंड बघून त्याने ते गिळलं.

"शिंप्यान घोळ घातलो," गोकुळदास म्हणाला.

"शिंप्याचो काय एक दोष नाय," सुलोचना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा धड आला. "ता माप सगुणाचा."

तिनेच पुढे सांगितलं.

"नवरीचो मामा शिंपी घेऊन माप घेवक इलो, तेव्हा तुमी म्हापशाक सभेक गेल्ल्यात. गोकुळदास पणजेक. सगुण खळ्यात काजी पसरीत होतो, तो पुढे जाल्यान, तेंका बसयल्यान, पाणी दिल्यान. मी च्या घेऊन भायर इलंय तर मामा माका विचारता, घरातले थोरले हेच ना? मी सांगलंय, होय, थोरले हेच. मग शिंप्यान फीत काडल्यान. तुमच्या मापाक मी तुमची जुनी टोपी दिलंय."

"तू असं सांगितलंस," मधुकर म्हणाला.

"सांगलंय."

"चुकून?"

तेहतीस वर्षांच्या संसारात सुलोचना नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही. तांदळाच्या डब्यातलं, माहेरच्या माणसांचं, असलं बारीकसारीक पुष्कळ बोलली होती. आता मात्र तिला खोटं सुचलं नाही. "चुकान नाय," ती म्हणाली. "थोरलो कोण, असा विचारल्यान. थोरलो तोच. दोन वर्सांनी."

गोकुळदास आधी दाराशी गेला, विशालला ऐकू तर गेलं नाही ना ते बघितलं आणि दार लोटून परत आला. सकाळपासून उघड्या डोक्याचा कैवार घेणारा हा माणूस एकदम हळू आवाजात बोलायला लागला.

"वैनी, तुम्हाला कळतं का काय केलंत ते? कारापूरचे लोक चौकशी करून आलेत. त्यांना ह्यातलं काही माहीत नाही. कोट घालून सगुण पुढे उभा राहिला की मांडवात पहिला प्रश्न येईल, हा कोण? कुणाचा? मग काय सांगायचं? श्रीनाथाच्या आजोबांनी..." त्याने पुढचं सोडून दिलं.

"परत पाठवा," श्रीनाथ म्हणाला.

"काय परत पाठवा?" गोकुळदास म्हणाला. "मानाची टोपी घरात आली आणि परत गेली तर त्याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? मुलगी नको असा होतो. विशाल ती बसमधून घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत साखळीच्या बाजारात लग्न मोडल्याची बातमी."

डिचोलीच्या खाणीच्या कचेरीत नोकरीला लागल्यावर श्रीनाथने सिद्धीला, ह्या नवरीला, पहिल्यांदा बघितलं, त्याला आता तीन वर्षं झाली होती. हे स्थळ घरच्यांना सुचावं म्हणून त्याने काय काय खटपटी केल्या ते सुलोचनेला सगळं ठाऊक होतं. ती मुलाकडे बघत राहिली. त्याला सायकल सगुणाने शिकवली, पोहायला सगुणाने शिकवलं, तापात पेडण्याच्या डॉक्टरकडे पाठीवर घेऊन सगुण गेला. तिला वाटलं होतं, हा तरी बोलेल.

"काकांना टोपी मिळायला हवी, हे माझंही म्हणणं आहे," श्रीनाथ शेवटी म्हणाला. "फक्त पहिले उभे नकोत. मागे कुठे तरी."

"तेच तर," गोकुळदास लगेच म्हणाला. त्याला वाट सापडली होती. "सगुण चौथा. जरीची किनार उसवायची, ती दादाच्या टोपीला लावायची. पेडण्याच्या शिंप्याकडून कोट आखूड करून दादाला. आठ दिवस आहेत. चौघांच्या डोक्यावर चार टोप्या, एकही परत नाही, आणि चौथा कोण हे कोण विचारतो? घरचा जुना माणूस म्हणून सांगू. सगुणाचाही मान राहिला. आपण कुणी त्याला वाईट वागवलं असं नको."

ते इतकं सोयीचं होतं की क्षणभर सुलोचनेलाही पटलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

"घरचा जुना माणूस," ती म्हणाली. "कूळकायदो इलो तेव्हा मामलेदारान तेका विचारल्यान, ही शेतां तू करतंस, तू कूळ मा? होय म्हणालो असतो तर खालचा आख्खा माडा-पोफळींचा भाट आज तेच्या नावार असता. तो काय म्हणालो? मी कूळ न्हय, मी घरचो. तेव्हा तुमका दोघांक तो घरचो बरो लागलो. आता तो जुनो माणूस जालो."

मधुकरने कोट काढून पुन्हा चौरंगावर ठेवला. घडी जमली नाही, तरी तो ती घालत बसला.

"सगुणाला बोलवा," तो म्हणाला.

---

सगुण खळ्यातच होता. शेवटच्या काजू वाळत टाकल्या होत्या, त्यांतून तो खराब बिया वेचत होता. श्रीनाथ येऊन म्हणाला, "काका, बाबा आत बोलावतायत," आणि त्याच्याकडे न बघताच परत फिरला. सगुणाला तेवढ्यावरून कळलं. पुडा आलेला त्याने बघितला होता.

हात धुऊन तो आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आला आणि तिथेच उभा राहिला. बासष्ट वर्षांचा, ताठ, घरातल्या सगळ्या पुरुषांहून वीतभर उंच. ह्या खोलीचं छप्पर त्याने चारदा शाकारून घेतलं होतं, त्यात बसला मात्र कधी नव्हता. वडील गेले तेव्हाही तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. अग्नी मधुकरने दिला.

चौरंगावरचा कोट त्याने एकदा बघितला आणि नजर काढून घेतली. शिंप्याने माप घेतलं तो सगळा वेळ त्याने श्वास धरून ठेवला होता. छातीभोवती फीत आली, खांद्यावर शिंप्याचा हात आला, हात लांब करा म्हणाला तेव्हा त्याने केला. त्याच वेळी सांगता आलं असतं की माणूस चुकला, मी नव्हे. तो सांगणारही होता. पण फीत मनगटापर्यंत पोचेपर्यंत त्याला ते सांगावंसं वाटेनासं झालं. मग चार रात्री झोप नाही. बायको नव्हती, असती तर तिला सांगितलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली.

"सगुण, हा काय प्रकार झाला आहे तुला ठाऊक आहे," मधुकर म्हणाला. "मामांनी थोरले कोण म्हणून विचारलं, तेव्हा तू का नाही बोललास?"

"साठ वर्सांत कोणी तसा विचारूक नाय, पात्रांव. काय सांगूचा ता सोदी होतंय. तितक्यात वैनीबाय बोलली." पात्रांव, म्हणजे मालक; मधुकरला तो दुसरं काही म्हणत नसे.

"नंतर तरी सांगायचंस."

"होय. सांगूक होया होता."

गोकुळदास पुढे आला. त्याने किनारीचं, कोट आखूड करण्याचं, चौथ्या जागेचं सगळं नीट समजावून सांगितलं, कचेरीत एखाद्याला अर्ज कसा भरायचा ते सांगतात तसं. बोलताना तो सगुणाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, पण उंबरा मधे होता. "म्हणजे तू आमच्या ओळीत असशील," तो म्हणाला. "इतकी वर्षं जे झालं नाही ते होईल. बरं ना?"

श्रीनाथ म्हणाला, "काका, माझीही तीच इच्छा आहे."

सगुण त्या पोराकडे बघत राहिला. त्याला श्रीनाथाचा राग आला नाही. ह्या घरात त्याने आजवर कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. मांडवावर घालायची माडाची चुडतां, लॉरी, पाणी, आचारी, सगळं त्याच्याकडे होतं. आताही हो म्हटलं की संपलं. सगळ्यांना बरं वाटलं असतं, त्यालासुद्धा थोडं.

"किनार उसवू नकात," तो म्हणाला. "मी चौथो उभो रवचंय नाय."

"म्हणजे?"

"तुमका टोपी माका देवची नाय तर देव नकात. तेचा माका वायट लागाचा नाय, मी भायर माजी कामां बगतंय. पण टोपी दितल्यात तर मी नारायणाच्या मागसून कशाक उभो रवू? नारायण माज्यापरास अकरा वर्सांनी बारीक. तेका आंगड्यात घालून मी देवळात न्हेलंय. उभो रवतलंय तर पयलो. नायतर मांडवाच्या भायर."

गोकुळदास ऐकतच राहिला. "अरे, आम्ही तुझ्या भल्यासाठी इतकं जुळवून आणतोय आणि तू मुळावरच यायला लागलास? तुझ्या हट्टापायी त्या पोराचं लग्न मोडलं तर?"

"मोडता कामा नये म्हणान तर सांगतंय. मी आत्ताच्या आत्ता विशालावांगडा कारापुराक जातंय. पाय धरून सांगतंय, मी चाकर, मीच खोटा बोललंय, माप माजा दिलंय. दोष माजो. तुमच्या घराक काय लागाचा नाय. टोपयो मगे तुमी सुखान घाला."

"तू गेलंस तर तुज्या मागसून मी येतंय," सुलोचना म्हणाली. "मी सांगलंय, तू नाय."

"वैनीबाय, तुमी गप."

"गप काय? तेहतीस वर्सां गप रवलंय मी."

मधुकरने हात वर केला. वर्गात करायचा तसा. सगळे थांबले, आणि बाहेरून विशालचा खाकरण्याचा आवाज आला.

"तुला पहिलं उभं राहायचं आहे," मधुकर सगुणाला म्हणाला. "माझ्या मुलाच्या लग्नात. माझ्या पुढे."

"होय, पात्रांव."

"कशाच्या जोरावर?"

"वर्सांच्या," सगुण म्हणाला. "दुसरा माज्याकडे काय नाय."

---

मधुकर एकटाच देवघरात जाऊन उभा राहिला. नमस्कारही केला नाही. बाहेर मंडळी कुजबुजत होती आणि घड्याळात चार वाजत आले होते.

त्याला संताप आला होता. हा माणूस इतकी वर्षं अंगणात उभा होता आणि आज त्याला हीच घटका सापडली. शाळा गेली. दोन वर्षांपूर्वी हार घालून त्याला घरी पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा बसला. भाषेसाठी गेली दोन वर्षं मोर्चे, निवेदनं, म्हापशाच्या सभा, घसा बसेपर्यंत बोलला, आणि शेवटी कायद्यात मराठीच्या वाट्याला काय आलं? वापरता येईल, एवढंच. पहिलं नाव दुसऱ्याचं. आता उरलं होतं हे एक, ह्या घरचा थोरला असणं. त्यासाठी त्याला काही करावं लागलं नव्हतं, ते जन्मापासून होतं. आणि तेही खरं नव्हतं, हे त्याला सात वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. आंब्याखालच्या घरात वडील त्या उंच पोराला मांडीवर घेऊन बसलेले त्याने बघितले होते. घरी येऊन तो आईला काही बोलला नव्हता.

मामलेदार कचेरीतला तो दिवसही त्याला आठवत होता, सुलोचनेने काढला नसता तरी आठवला असता. सगुण म्हणाला, मी कूळ न्हय, मी घरचो. बाकावर बसलेल्या मधुकरला तेव्हा इतकं हायसं वाटलं होतं की बाहेर येऊन त्याने चहा घेतला. सगुणाला विचारलंही नव्हतं, घेतोस का म्हणून. सगुण बैलगाडीपाशी उभा होता.

शाळेत कुणी पोराने दुसऱ्याचा नंबर आपला म्हणून सांगितला असता तर त्याने छडी मारली असती. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्यामुळे सगुणाचा आणखी राग आला. तसाच तो देवघरातून बाहेर पडला आणि आतल्या खोलीकडे न वळता सरळ सोप्यावर गेला.

विशाल उठून उभा राहिला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, खिशाला पेन, हातात घडी केलेला फुलस्कॅप कागद. "टोपयो बऱ्यो आसात मूं, मास्तर?" त्याने विचारलं.

"टोप्या उत्तम आहेत. कोटही चांगला शिवला आहे. बस आणि लिहून घे. चार नावं."

मागे दारात सगळे येऊन उभे राहिले होते. सगुणही बाजूने अंगणात आला होता आणि पायरीखाली थांबला होता. त्याला बहुतेक आपण कारापूरला निघालो असंच वाटत होतं, त्याने पायांत चपला घातल्या होत्या.

"पहिलं नाव," मधुकर म्हणाला. "सगुण शिवदास."

गोकुळदासचा चेहरा थोडा सैल झाला. शिवदास म्हणजे शिवदास. कारापूरवाले काय समजतील? पहिल्या बायकोचा असेल, शेतीभाती बघत असेल, म्हणून असा दिसतो. एवढ्या नावाखाली सगळं झाकलं जात होतं. गोकुळदासला भावाच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. मधुकरलाही सुटल्यासारखं वाटत होतं. देता येण्यासारखं सगळ्यांत मोठं होतं ते त्याने दिलं होतं, आणि मुलाचं लग्नही वाचलं होतं.

विशालने पेनाचं टोपण काढलं.

"तसा न्हय," पायरीखालून सगुण म्हणाला.

मधुकर वळला.

"माजा नाव तसा नाय, पात्रांव. शाळेत तसा लिवूक नाय, रेशनाच्या कार्डार नाय, मतदानाक नाय. तुमका म्हायत आसा. तुमच्याच शाळेच्या पुस्तकात आसा." तो हळू बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "सगुण भाग्यलक्ष्मी. माजे आयेन माका वाडयल्यान. तेंणी जल्मात माका नाव देवक नाय, आता मेल्यार कशाक घेवू? लिवतल्यात तर आयेचा लिवा. नायतर लिवूच नकात, मी जातंय."

"सगुण," गोकुळदास दबक्या आवाजात म्हणाला. "पुरे झालं आता."

विशालचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं. तो मुलगा काही खुळा नव्हता. त्याने सगुणाकडे बघितलं, मग मधुकरकडे, आणि मग दोघांच्या कपाळांकडे आणि नाकांकडे पुन्हा एकदा. दारात श्रीनाथ होता. आता ह्या कागदावर जे नाव जाईल ते संध्याकाळी कारापूरला सिद्धीच्या बापाच्या हातात पडणार होतं, आणि मग पुढचा रविवार उजाडेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"आवयचें नांव?" विशालने मधुकरला विचारलं. "घरा विचारतले, मास्तर. हांव कितें सांगूं?"

मधुकरने मुलाकडे बघितलं. श्रीनाथ मान खाली घालून उभा होता. त्याने आता एकदा जरी नको म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी मधुकर थांबला असता. पुढे आयुष्यभर मधुकर हे बोलून दाखवणार होता. श्रीनाथने मान वर केली. तो पायरी उतरून खाली गेला आणि सगुणाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"विचारलं तर खरं सांग," मधुकर विशालला म्हणाला. "वडील आमचे एकच. ह्याच्या आईला त्यांनी घरात आणलं नाही. हा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कोटाचं माप बरोबर घेतलंय तुमच्या शिंप्याने. एवढं ऐकून तुझ्या वडिलांना टोप्या परत हव्या असतील तर त्यांनी स्वतः यावं, मी हातात देईन."

"दादा," गोकुळदास म्हणाला.

"तू गप्प बस. लिही रे, सगुण भाग्यलक्ष्मी."

विशालने लिहिलं. हळूहळू, मोठ्या अक्षरांत, एकचा आकडा घालून. लिहून झाल्यावर त्याने कागदावर फुंकर घातली आणि पुढच्या ओळीवर दोनचा आकडा घातला.

"दुसरें नांव कोणाचें?"

मधुकर त्याच्या शेजारी टेकला.

"माझं," तो म्हणाला.